दौलतभाऊंच्या दोन टाक्या

पेट्रोल पंपावर कुणी ‘टाकी फुल्ल करा’ म्हटलं की माझ्या तोंडून अजूनही ‘कोणती?’ असं निघून जातं. माझा मुलगा हसतो, कारण त्याच्या गाडीला एकच टाकी आहे. जगातल्या बहुतेक गाड्यांना एकच असते हे मलाही कळतं. पण माझ्या नोकरीची अकरा वर्षं ज्या गाडीत गेली तिला दोन होत्या, आणि त्या दोघींचा संसार एकट्या दौलतभाऊंनी सांभाळला.

मी आदिलाबादच्या एका फिरत्या आरोग्य पथकात नर्स होते. पथक म्हणजे मी, पुष्पा नावाची दुसरी नर्स, औषधांच्या दोन पेट्या आणि ड्रायव्हर दौलतभाऊ. तलमडुगूच्या बाजारापासून इचोड्याच्या वरच्या डोंगरातल्या वस्त्यांपर्यंत आमचा फेरा. रस्ते असे की चारही चाकांना जोर देणारी गाडी नसती तर निम्म्या वस्त्यांनी आमची तोंडं पाहिली नसती. पूर्वी त्या भागात डिझेल मिळायचं नाही, म्हणून गाडीला दोन टाक्या. समोर एक बटण होतं. ते दाबलं की गाडी एका टाकीवरून दुसरीवर जायची.

दौलतभाऊंनी त्यांना नावं ठेवली होती. डाव्या बाजूची थोरली, मागची धाकटी. रोजचा फेरा धाकटीवर. थोरली कायम काठोकाठ भरलेली, आणि तिला हात लावायचा नाही. सकाळी ऑफिसात आल्यावर देवाला नमस्कार करावा तसं ते थोरलीचं झाकण उघडून आत काडी बुडवायचे, काडी वरपर्यंत ओली पाहून मान हलवायचे आणि मगच चहाला जायचे.

“थोरली आपली नाई, अडल्या मान्साची हाय,” असं ते म्हणत. मला सुरुवातीला तो ड्रायव्हर लोकांचा नखरा वाटला. मग एका श्रावणात डोंगरातल्या वस्तीवरून एका बाळंतपणाच्या बाईला घेऊन निघालो. मूल आडवं होतं. खाली नाल्याला पूर आलेला, म्हणून तिप्पट लांबचा रस्ता धरावा लागला. मधल्या चढावर धाकटी संपली आणि इंजिनानं आचके द्यायला सुरुवात केली. बाई ओरडत होती, तिची सासू माझा दंड धरून बसली होती. दौलतभाऊंनी मागे वळूनही न पाहता बटण दाबलं. गाडी दोनदा ठसकली आणि निघाली. बाई आणि मूल दोन्ही वाचली. परतताना आम्ही भुकेनं मेलो होतो, पण थोरली पुन्हा भरल्याशिवाय त्यांनी गाडी हॉटेलपुढं थांबवली नाही. त्या दिवसापासून मी थोरलीविषयी तोंड उघडलं नाही.

माणूस उंच, किडकिडीत. शेवटच्या काही वर्षांत डोक्याला सदा तपकिरी मफलर, कानांवरून घट्ट गुंडाळलेला. मे महिन्यात आमच्याकडे कावळेसुद्धा सावली सोडत नाहीत, तेव्हाही मफलर असायचाच. विचारलं तर म्हणायचे, “लू लागते, सिस्टर.” आवाज खणखणीत. ते ऑफिसच्या आवारात बोलले की रस्त्यापलीकडच्या पानवाल्याला बातमी कळायची. भाकरीचं फडकं इंजिनाजवळच्या एका कोनाड्यात ठेवायचे आणि दुपारी गरम भाकरी बाहेर काढून आमच्याकडे असं पाहायचे की जणू चूल त्यांनीच शोधून काढली. त्या भाकरीला किंचित डिझेलचा वास यायचा. आम्ही नाकं मुरडायचो आणि खायचो.

त्यांचं गाव भीमपूरकडचं, पैनगंगेच्या अलीकडच्या काठाचं. घरात मराठी, ऑफिसात तेलुगू, साहेबांशी हिंदी. राज्य वेगळं झालं तेव्हा ऑफिसच्या पाट्या बदलायला रंगारी आला होता. त्याच्या शिडीखाली उभं राहून दौलतभाऊ मोठ्यांदा म्हणाले, “माया आजा निजामाच्या राज्यात जलमला. बाप हैदराबादच्या राज्यात कामाले लागला. म्या आंध्रात नोकरी धरली, आता तेलंगणात पेन्शन घेईन. घर मातर त्याच जागी हाय, बापा. एक वीट हालली नाई.” रंगाऱ्याला मराठी येत नव्हतं, तरी तो हसला.

एक गोष्ट मात्र आम्हा बायकांना खटकायची. गाडीतला मधला आरसा ते मागच्या रस्त्याकडे न ठेवता आमच्या तोंडांकडे वळवून ठेवायचे. पुष्पा नवीन होती, तिनं पहिल्याच आठवड्यात मला कोपरखळी मारली. “हे बुवा आरसा आपल्याकडं काऊन करून ठेवते?” मी तिला गप्प केलं, पण मलाही ते आवडत नव्हतं. त्यांच्या वयाचा, दोन सुना घरात असलेला माणूस. त्याला काय बोलणार? एकदा मी मुद्दाम पदर ओढून घेतला आणि आरशात रोखून पाहिलं. त्यांनी नजर काढून घेतली. पुढच्या वळणावर ती पुन्हा आरशात होती.

तर ज्या पावसाळ्यात आमच्या एका जिल्ह्याचे चार जिल्हे होणार असं नक्की झालं, त्याच पावसाळ्यात गाडी डिझेल प्यायला लागली. आधी जेवढ्यात तीन फेरे व्हायचे तेवढ्यात दोन होईनात. गाडीत वास मारायचा. पुष्पानं तक्रार केली तर दौलतभाऊ म्हणाले, “डिझेलच्या गाडीले डिझेलचाच वास येईन ना, बाई. मोगऱ्याचा येईन काय?” आम्ही हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं, हे साहेबांनी बोलावलं तेव्हा कळलं.

साहेब वारंगलकडचे, बोलायला कमी, माणूस वाईट नव्हता. त्यांनी गाडी इचोड्याच्या मिस्त्रीकडे पाठवली. हायवेवर ट्रक दुरुस्त करणारा जाणता मिस्त्री तो. त्यानं फिल्टर पाहिले, पंप पाहिला, थोरलीवर गाडी पळवून पाहिली आणि सांगितलं की गाडीत काहीही खोट नाही, पिते तेवढंच पिते. मग उरलं कोण? ड्रायव्हर. दौलतभाऊंना तोंडावर कुणी चोर म्हणालं नाही. फक्त त्यांच्या जवळ बसून चहा पिणारे दोघं-तिघं दुसऱ्या बाकावर बसायला लागले.

त्यातच वाटण्या आल्या. खुर्च्या, कपाटं, फायली, गाड्या, माणसं, सगळं चार जिल्ह्यांत जायचं होतं. व्हरांड्यात गठ्ठ्यांचे ढीग लागले. प्रत्येक गाडीबरोबर तिचा ड्रायव्हर आणि एक कागद जाणार, त्या कागदावर साहेबांनी शेरा मारायचा. आमची गाडी दुसऱ्या जिल्ह्यात निघाली होती. साहेबांनी शेरा लिहिला: डिझेलचा खप संशयास्पद, चालकावर लक्ष ठेवावे. सही दुसऱ्या दिवशी व्हायची होती.

दौलतभाऊंच्या नोकरीची दीड वर्षं राहिली होती. मी त्यांची समजूत घालायला गेले, म्हटलं, कागदाचं काय एवढं, तुमाले सारे वळखते. ते गाडीच्या पायरीवर बसले होते.

“इथं वळखते, सिस्टर,” ते म्हणाले. “तिथं मायाआंधी माया कागद पोचन. तिथल्या लोकायले म्या दौलत नाई. तिथं म्या तो शेरा हाय.”

एवढ्या हळू आवाजात बोललेले ते मी पहिल्यांदा ऐकले. मी तशीच निघून आले, याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पुष्पा रजेवर होती, फेरा नव्हता. मी लवकर पोचले तर दौलतभाऊ मागच्या आवारात कडुनिंबाखाली गाडीचं बॉनेट उघडून उभे. मला पाहताच म्हणाले, “सिस्टर, तुमची ते आयकाची नळी आना.”

“काऊन? टाकीले दिवस गेले काय?”

ते हसले नाहीत. “पोटातल्या लेकराचं आयकता ना? मंग टाकीच्या पोटातलं आयका.”

मग त्यांनी मला जे समजावलं ते असं. इंजिन जेवढं डिझेल ओढतं तेवढं सगळं जाळत नाही. उरलेलं परत टाकीत पाठवतं. म्हणून प्रत्येक टाकीला दोन नळ्या, एक नेणारी आणि एक परत आणणारी. ज्या टाकीतून ओढलं त्याच टाकीत परत जायला हवं. बटण दाबलं की दोन छोटे विजेचे कॉक फिरतात, एक नेणाऱ्या नळीचा, एक परतीच्या. रात्रभर विचार करून त्यांना एवढंच राहिलेलं सापडलं होतं की मिस्त्रीनं गाडी थोरलीवर पळवली. धाकटीवर परतीचं डिझेल कुठं जातं ते कुणी पाहिलंच नाही.

त्यांनी इंजिनाजवळ परतीची नळी सोडवली. चावी फिरवून बटण धाकटीवर केलं आणि नळी तोंडाला लावली. मी पांढऱ्या साडीत मातीत बसले, स्टेथोस्कोप कानांत घातला, चकती धाकटीच्या पोटावर टेकवली. दौलतभाऊंनी गाल फुगवून फुंकलं. काही नाही. पुन्हा फुंकलं. धाकटी मुकी. मग मी उठून डाव्या बाजूला गेले, चकती थोरलीला लावली. आत गुडगुड, गुडगुड, स्वच्छ बुडबुडे.

“थोरलीत येऊन राह्यलं!” मी ओरडले.

दौलतभाऊंनी नळी खाली ठेवली, तोंडातलं डिझेल थुंकलं आणि सरळ गाडीखाली शिरले. थोरलीच्या वर हवा जायला एक बारकी नळी असते. तिच्या तोंडाशी चिखलाचा काळा, तेलकट लोंदा जमला होता. त्यांनी तो बोटावर घेऊन मला दाखवला. तेव्हा माझ्याही डोक्यात उजेड पडला. धाकटीतून निघालेलं डिझेल परत थोरलीत जात होतं, आणि थोरलीत थेंबाला जागा नव्हती. ते हवेच्या नळीतून रस्त्यावर सांडत होतं, गाडी चालू असेतोवरच, अख्खा पावसाळा चिखलात. दुसरा कुणी निष्काळजी ड्रायव्हर असता, थोरली अर्धी ठेवणारा, तर डिझेल नुसतं एकीतून दुसरीत गेलं असतं आणि चार दिवसांत कळलं असतं. यांनी रोज काडी बुडवली, रोज थोरली भरलेली पाहिली आणि रोज समाधानानं मान हलवली.

“म्याच सांडोलं,” ते म्हणाले. “अडल्या मान्साच्या नावानं.”

मला इतका आनंद झाला होता की त्यांचं म्हणणं मी मनावर घेतलं नाही. म्हटलं, तुमी सोता आयका, मंग साहेबाले छातीठोक सांगा. स्टेथोस्कोप त्यांच्या हातात दिला. ते का-कू करायला लागले. मी ऐकते होय? शेवटी त्यांनी मफलर सोडला. कित्येक वर्षांत त्यांचे कान मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. ते थोरलीशी बसले, मी नळी हातात घेतली. डिझेल तोंडात जाईल म्हणून मी आधी पदरानं नळीचं टोक पुसत होते.

“येऊन राह्यलं!” दौलतभाऊ तिकडून म्हणाले. “बराबर येऊन राह्यलं!”

मी अजून फुंकलंच नव्हतं.

मी गाडीला वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या ओठांकडे. मी आवाज न काढता नुसते ओठ हलवून विचारलं, “कवापासून?”

“तीन वर्सं,” ते म्हणाले. “डावा पयले गेला. मंग उजवाही.”

मफलर, आरसा, खणखणीत आवाज, सगळं एका क्षणात जागेवर बसलं. आणि मला संताप आला, खरं सांगते. तीन वर्षं मी, पुष्पा, किती बाळंतिणी, किती लेकरं त्या गाडीत बसली होती. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ज्याला ऐकू येत नाही त्याच्या हाती आमचे जीव होते. मी हे सगळं त्यांना बोलले, ओठ नीट हलवून, एकही शब्द चुकू नये अशा बेतानं. ते माझ्या तोंडाकडे पाहत सगळं वाचत राहिले. मग म्हणाले, “खरं हाय,” आणि कॉक शोधायला पुन्हा गाडीखाली गेले.

मी बटण दाबत होते, ते दोन्ही कॉकवर बोटं टेकवून होते. एक कॉक बोटाखाली उडी मारायचा, परतीचा मात्र मेलेला. त्याच्या तारेचं टोक हिरवं पडून सुटलं होतं. ब्लेडनं खरडून त्यांनी ते जोडलं. मी बटण दाबलं आणि मला टक्-टक् असे दोन आवाज ऐकू आले. एवढंच होतं. पावसाळाभराची बदनामी त्या करंगळीएवढ्या तारेत होती.

“आता ते तार पुन्हा सोडतो,” ते म्हणाले. “साहेबाले दाखवाले.”

साहेब आले. त्यांच्यासमोर सगळं पुन्हा झालं. मी मातीत बसले, दौलतभाऊंनी फुंकलं, साहेबांनी स्वतः स्टेथोस्कोप लावून थोरलीची गुडगुड ऐकली आणि वाकून तो काळा लोंदाही पाहिला. तार जोडून दाखवली. टक्-टक् झालं. साहेबांची कळी खुलली होती. पेन त्यांच्या हातात होतं, कागद शिपायाच्या. मग ते थांबले.

“दौलत, एक बात बताओ,” ते म्हणाले. “बटन दबाए तो दो बार आवाज आता. पूरा बरसात एक ही बार आया. चौदा साल से यही गाड़ी चलाते. तुमको मालूम नहीं पड़ा?”

प्रश्न सरळ होता आणि त्यात सगळं होतं. आवाज कळला होता तर मग गप्प का बसलात? सकाळी मीच त्यांना फाडून खाल्लं होतं, आणि आता मीच पुढे झाले. “साब, बारिश के शोर में आवाज कहाँ...”

“नक्को, सिस्टर,” दौलतभाऊ म्हणाले. त्यांनी माझे ओठ पाहिले होते. “साब, मेरे कू सुनाई नई देता. तीन साल हुए. दोनों कान से.”

शिपाई माझ्याकडे पाहायला लागला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी कागद बॉनेटवर ठेवला आणि शेऱ्यावर एक आडवी रेघ मारली, तिच्यावर दुसरी, आणि बाजूला लिहिलं की दोष गाडीच्या तारेत सापडला, चालक निर्दोष. खाली सही केली. दौलतभाऊंनी ते वाकून पाहिलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली.

मग साहेबांनी हात पुढे केला. दौलतभाऊंनी खिशातून चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली. साहेबांना दुसरं काही करता आलं असतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तरी मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी गाडी गेली. नवा ड्रायव्हर तरुण, तेलुगू पोरगा होता. दौलतभाऊंनी त्याला बोटं धरून कॉक दाखवले, पाना-पक्कड मोजून दिली. पोरगा ‘अन्ना, अन्ना’ करत होता. दौलतभाऊंची नेमणूक इथंच, गठ्ठे बांधायच्या खोलीत झाली. त्यांना कमी दर्जाचं काम मिळालं म्हणून दोघं-तिघं हळहळले. हेच ते, दुसऱ्या बाकावर जाऊन बसलेले.

गाडी फाटकातून वळली तेव्हा मी व्हरांड्यात होते आणि दौलतभाऊ आपल्या जुन्या बाकावर बसले होते. मफलर नव्हता. केस पांढरे आणि पिंजारलेले, कान उघडे, दोन मोठे, लालसर कान. धूळ खाली बसेपर्यंत ते रस्त्याकडे पाहत राहिले. मी त्यांच्याजवळ गेले आणि तीन आठवड्यांच्या सवयीनं त्यांच्यासमोर उभी राहून, कुणाला कळू नये अशा बेतानं ओठ हलवायला लागले.

त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“आता जोरानं बोला, सिस्टर,” ते म्हणाले. “लपवाचं काई राह्यलं नाई.”

मी श्वास घेतला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, “दौलतभाऊ, चहा घेता काय?”

खिडक्या-खिडक्यांतून माणसं बाहेर पाहायला लागली. साहेबांनीही मान वर केली. दौलतभाऊंनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं, बाकावर थोडं सरकून माझ्यासाठी जागा केली.

“अर्धा,” ते म्हणाले.